तिसरं पेडल

मला गाड्यांचं काडीचं कौतुक नाही, हे आधीच सांगून टाकते. नाहीतर पुढचं ऐकून लोक म्हणतील, बाईच गाडीवेडी, तिचं काय मनावर घ्यायचं. गाडीवेडे आमचे हे. स्पोर्ट्स गाड्या दुरुस्त करणाऱ्या एका वर्कशॉपमध्ये ते मुख्य मेकॅनिक होते, सगळे त्यांना उस्ताद म्हणायचे. दिवसभर लोकांच्या गाड्यांखाली झोपायचे आणि घरी आले की स्वतःच्या.

ती स्वतःची म्हणजे पिवळी. कुणा श्रीमंताच्या पोराने ती खांबाला गुंडाळली होती. भंगारात निघालेली ती गाडी हे तुकड्यातुकड्यांनी घरी घेऊन आले आणि पुन्हा उभी केली. दोनच सीट, आणि इतकी बुटकी की आत बसायचं म्हणजे विहिरीत उतरायचं, बाहेर यायचं म्हणजे कोणीतरी हात द्यायचा. गॅरेज आमच्या स्वयंपाकघराला लागून. यांनी तिला रेस दिली की माझी मांडणीवरची भांडी थरथरायची. मी तिला तिच्या तोंडावर सवत म्हणायचे. "सवतच आहे," हे म्हणायचे, "पण गुणी आहे. एकदा सांगितलं की ऐकते." की झालीच आमची सुरुवात. आमच्या घरात त्याला भांडण म्हणत नाहीत, ते आमचं बोलणंच. लग्न झाल्यापासून एक दिवस भांडलो नाही असं आठवत नाही, आणि अबोला धरून झोपलो असंही आठवत नाही.

पिवळीचं स्टिअरिंग उजवीकडे, त्यामुळे गिअरचा दांडा डाव्या हाताला आणि क्लच डाव्या पायाला. इंजिनाचा आवाज चढत चढत एका ठरावीक जागी आला की यांचा पाय क्लचवर, हात दांड्यावर, खट्ट, आणि पाय परत जागेवर. आणि हे सगळं माझ्याशी वाद घालता घालता. मी एकदा विचारलं होतं, पाय नेमका कधी टाकायचा ते कळतं कसं हो? "मला कुठे कळतं," म्हणाले, "पायाला कळतं."

मागच्या वर्षी एका सकाळी दात घासताना यांच्या तोंडातून पाणी एकाच बाजूने गळायला लागलं. मी म्हटलं, काय लहान मुलासारखं करताय. आणि हे डावीकडे कलले ते कललेच. दवाखाना झाला, औषधं झाली, जीव वाचला. बोलणं शाबूत राहिलं, डोकं शाबूत राहिलं. डावा हात गेला आणि डावा पाय गेला.

घरी रोज एक व्यायामवाली बाई यायची. धट्टीकट्टी, हसतमुख, कामात पक्की. ती म्हणायची, "काका, पाय उचला." हे पायाकडे बघायचे. पाय यांच्याकडे बघायचा. काही म्हणजे काही हलायचं नाही. दुसऱ्या कोणाचातरी पाय चुकून आमच्या पलंगावर राहिलाय असंच वाटायचं. सुरुवातीला यांनी घाम काढला, दात-ओठ खाल्ले. मग हळूहळू नुसतेच खिडकीबाहेर बघत बसायला लागले. एके दिवशी दाराशी चपला घालता घालता ती बाई मला हळूच म्हणाली, "काकू, पाय मेलेला नाही. वरून हुकूम सुटतोय, तो खाली पोचत नाही. काकांनी हुकूम सोडणंच बंद केलं, तर मग ती वाट बुजते. खुर्ची की स्वतःचे पाय, ते याच दिवसांत ठरणार आहे."

मी काय करणार? मी ओरडले. मला तेवढंच येतं. "आळशी आहात, सोंग करताय, माझ्या जिवावर उठलाय," जे तोंडाला येईल ते बोलले. पूर्वी एवढ्यावर यांनी घर डोक्यावर घेतलं असतं. आता म्हणायचे, "असू दे गं. तू म्हणतेस ते बरोबर आहे." पालथ्या घड्यावर पाणी. आणि एकदा मी यांना पँट चढवत होते, तर मला म्हणाले, "थँक्यू." मला! थँक्यू! मी न्हाणीघरात गेले, नळ सोडला आणि पोटभर रडले.

आता लेकीचं सांगते. आमची एकुलती एक. पाने आणि स्क्रू ड्रायव्हर हीच तिची खेळणी. मोठी होऊन इंजिनिअर झाली आणि स्पोर्ट्स गाड्या बनवणाऱ्या कंपनीतच लागली. यांची छाती अशी फुगली की शर्टाची बटणं मला पुन्हा लावावी लागतात की काय असं वाटलं. तिचं काम काय, तर आपोआप बदलणाऱ्या गिअरला अक्कल शिकवायची. मग तिच्या कंपनीने जाहीर केलं, की यापुढे एकाही गाडीला हाताचा गिअर नाही. क्लच नाही. तीन पेडलांची दोन झाली. हे तेव्हा ठणठणीत होते. ताटावरून उठलेच. "स्पोर्ट्स गाडी आणि क्लच नाही? मग ड्रायव्हरने तिथे बसून काय वाती वळायच्या?"

"बाबा, लोक घेतच नाहीत आता. मागणारे म्हणजे तुमच्यासारखे हातावर मोजण्याइतके. आणि खरं सांगू? माझा गिअर माणसापेक्षा लवकर बदलतो. पापणी लवायच्या आत. माणसाला ते जमणारच नाही."

"म्हणजे माझ्याच लेकीने माझ्या डाव्या पायाला घरी बसवलं," हे म्हणाले. हसत म्हणाले हो. पण पुढे काही महिन्यांतच तो पाय खरोखर बसला, आणि पोरीने ते वाक्य काळजाला लावून घेतलं. ती यायची, बाबांच्या पायाशी बसायची, तळव्याला तेल चोळायची आणि वर बघायची नाही. मी म्हणायचे, वेडी का तू, बोलण्याने कोणाला झटका येतो होय? असं असतं तर माझ्या बोलण्याने तुझा बाप कधीच गेला असता. ती हसायची, पण तेवढ्यापुरती.

एक दिवस ती म्हणाली, "बाबांना गाडी चालवायला देते. माझ्या गाडीला डावा पाय लागतच नाही, डावा हातही लागत नाही. कंपनीची चाचणीची बंद जागा आहे, सुट्टीच्या दिवशी तिथे चिटपाखरूही नसतं." डॉक्टरांना विचारलं, कंपनीत विचारलं, सगळीकडून होकार आणला. हे म्हणाले, "असू दे. कशाला पोरीला त्रास." मी म्हटलं, "उठा मुकाट्याने. सवतीबरोबर आयुष्य काढलं, आता तिची धाकटी बहीण कशी आहे ते तरी बघू." आले. पोरीचं मन मोडू नये म्हणून आले, हे मला स्वच्छ दिसत होतं.

गाडी निळी. देखणी, अगदी दृष्ट काढावी अशी. पुढे दोन सीट आणि मागे दोन, मागच्या म्हणजे दोन मांजरांची सोय. मी तिथे घडी होऊन बसणार नाही, असं मी ठणकावून सांगितल्यावर लेक मांडीवर लॅपटॉप घेऊन मागे कोंबून बसली आणि मी पुढे यांच्या शेजारी. स्टिअरिंगवर तिने एका हाताने फिरवता यावं म्हणून गोल मूठ बसवून घेतली होती. यांचा डावा पाय मी दोन्ही हातांनी उचलला आणि डावीकडच्या पाय टेकायच्या जागेवर नेऊन ठेवला, कुंडी ठेवतात तसा. मी तो ठेवत होते तेवढा वेळ हे बाहेर बघत होते.

गाडी निघाली. लांबच लांब मोकळा रस्ता, पुढे वळण, पुन्हा रस्ता.

"गिअर बदलला का?" यांनी विचारलं.

"तीनदा बदलला, बाबा."

"केव्हा?"

लेक हसली. यांनी वेग वाढवला. मी कान देऊन बसले, पण छे! धक्का नाही, हिसका नाही, पाण्यावरून हात फिरवावा तशी गाडी पुढे पुढे. मग वळण आलं. यांनी ब्रेक दाबला, आणि गाडीने आपणहून गिअर खाली आणता आणता दोनदा रेस दिली. घुर्र, घुर्र. तो आवाज माझ्या ओळखीचा होता. पिवळीत हे वळणावर तसंच करायचे. डावा पाय क्लचवर, उजव्या पायाचा चवडा ब्रेकवर आणि त्याच पायाची टाच रेसवर. ते शिकताना यांनी किती बूट झिजवले ते मला विचारा.

"ही रेस कोणी दिली?" यांचा आवाज बदलला होता.

"गाडीने."

"तिला कोणी शिकवलं?"

मागून लेक जरा पुढे वाकली. मग ती म्हणाली, "मी. नुसती आकडेमोड करून ती बसेना. मग तुम्ही वळणावर द्यायचात ना, ती डोक्यात आणून बसवली. मला चांगली रेस म्हणजे तीच माहीत होती."

यांनी गाडी हळूहळू कडेला घेतली आणि थांबवली. बराच वेळ स्टिअरिंगकडे बघत राहिले. "माझ्यापेक्षा साफ आहे," म्हणाले. "माझी कधी कधी चुकायची. ही चुकत नाही." उगाच कोणाची तारीफ करणारा माणूस नाही हा. वर्कशॉपमध्ये नीट काम केलं तर "ठीक" म्हणायचे. मला पोरीचा असा अभिमान वाटला, की मी मागे हात घालून मिळेल तो तिचा गुडघा दाबला.

पण मग हे म्हणाले, "छान आहे हो. चला आता घरी." तोच खिडकीबाहेर बघायचा आवाज. "सगळं तीच करते. मी असलो काय, नसलो काय."

मागे पोरीचा श्वास अडकलेला मला ऐकू आला. तिने सगळं एवढं घडवून आणलं होतं, आणि घोडं तिथेच अडलं. बापावर गेलेली पोर, चिडली. "बरं, जाऊ घरी. पण एकदा इंजिन तरी ऐका नीट. मी गिअर अडकवून ठेवते, तो बदलणारच नाही. द्या रेस, द्यायची तेवढी." तिने लॅपटॉपवर काहीतरी टकटक केलं.

यांनी पाय दाबला. इंजिन ओरडायला लागलं. आवाज चढला, अजून चढला, माझ्या दातांत पोचला. गिअर बदलायची जागा आली, गेली, आणि बदललाच नाही. मला म्हणायचं होतं, अहो पुरे, आणि तेवढ्यात धाडकन गाडी जागच्या जागी उभी. पट्टा माझ्या छातीत रुतला. लेकीचं कपाळ माझ्या सीटवर आपटलं.

"बाबा! ब्रेक का मारलात?"

"मी नाही मारला."

"मग कोणी मारला? आपण तिघंच आहोत!"

"अगं, माझा पाय रेसवर आहे! मी ब्रेकला हातही लावला नाही!"

मी खाली बघितलं. या गाड्यांचा ब्रेक चांगला पाटाएवढा रुंद असतो. त्याच्यावर यांचा डावा बूट होता. जो मी पाच मिनिटांपूर्वी कुंडीसारखा उचलून बाजूला ठेवला होता, तो डावा बूट. पिवळीत जिथे क्लच असतो, तिथे तो गेला होता. क्लच तिथे नव्हताच, म्हणून ब्रेकवर जाऊन बसला.

"घसरला असेल," मी म्हटलं.

"घसरून एवढा जोर लागत नाही, आई." लेक दोन सीटच्या मधून डोकं काढून बघत होती. कपाळावर टेंगूळ येत होतं, त्याचं तिला भान नव्हतं. "बाबा, पाय काढा बरं."

यांनी पायाकडे बघितलं. मानेच्या शिरा फुगल्या. पाय ढिम्म. मी वाकले, पाय उचलला, जागेवर ठेवला. "पुन्हा करा," मी म्हटलं.

या वेळी लेकीने गाडी पहिल्याच गिअरमध्ये अडकवली, म्हणजे वेग कमी आणि बोंब तेवढीच. गाडी निघाली. मी रस्त्याकडे बघितलंच नाही, मी त्या बुटाकडे बघत होते. आवाज चढला. चढला. आणि मी या डोळ्यांनी बघितलं, की यांचा गुडघा उठला. कोणी सांगितलं नाही, कोणी धरला नाही. गुडघा उठला, पाय उजवीकडे सरकला आणि खाली दाबला गेला. गाडी थाडकन उभी.

यांचे डोळे भरून आले होते. माझं म्हणाल तर तोंडात शब्द नव्हता, माझ्या! वर्षभर डॉक्टर, बायको, व्यायामवाली, सगळ्यांनी हाका मारल्या तेव्हा जो उठला नाही, तो इंजिनाच्या हाकेला उठला होता. जित्याची खोड मेल्याशिवाय जात नाही, असं मी यांना आयुष्यभर टोमणा म्हणून ऐकवलं. त्या दिवशी मी मनात हात जोडून म्हटलं, नको जाऊस बाई खोडी, अजिबात जाऊ नकोस.

आम्ही पुन्हा पुन्हा करून बघितलं. माना अवघडल्या. शेवटी शेवटी तर गाडी थांबली की आम्ही तिघंही खिदळत होतो. मग लेकीने गिअर पुन्हा आपोआपवर टाकला आणि गाडी चालवायला सांगितली. गाडी लोण्यासारखी गेली. पाय झोपला. पुन्हा अडकवला, पाय उठला. पुन्हा आपोआप, झोपला. तिने लॅपटॉप मिटला.

"आई," ती म्हणाली, "माझा गिअर बिनचूक चालला की बाबांच्या पायाला उठायचं कारणच राहत नाही." वाईट वाटून म्हणाली का, तर नाही. देवळात शिरताना माणूस हळू बोलतो ना, तशी बोलली.

व्यायामवालीला सांगितलं तर तिने कमरेवर हात ठेवले. म्हणाली, असं होतं. सांगून ज्याला हसता येत नाही, तो विनोद ऐकून हसतो. सवयीच्या हालचालीची वाट वेगळी आणि हुकमाची वाट वेगळी. "पण काकू, चालायला हुकूम लागतो. उभं राहायचं, वळायचं, पायरी चढायची, ते इंजिनाच्या आवाजावर नाही होत. सवयीची वाट उघडी आहे, ही मोठी गोष्ट. तिच्यावरून जा-ये ठेवा. हुकूम कधी पोचेल, पोचेल की नाही, ते मी नाही सांगू शकत."

मग काय, लेकीने पिवळीवरचं कापड काढलं. हे तर ती देऊन टाका म्हणत होते, नजरेसमोर नको म्हणत होते. लेकीने तिची मागची चाकं जॅकने उचलून लोखंडी घोड्यांवर ठेवली, म्हणजे चाकं हवेत फिरतील आणि गाडी जागची हलणार नाही. गॅरेजचं दार सताड उघडलं. यांना आम्ही दोघींनी मिळून त्या विहिरीत उतरवलं. इंजिन सुरू झालं, माझी भांडी थरथरली, आणि आवाज चढताच यांचा पाय क्लचवर गेला. इथे क्लच होता. पण पिवळीचा क्लच म्हणजे दगड, पाय अर्ध्यावर जाऊन थरथरायला लागला. दुसऱ्या दिवशी थोडा खाली. तिसऱ्या दिवशी पुन्हा अर्ध्यावर. असं रखडत रखडत एकदाचा तळाला लागला.

आता पाय क्लचवर गेला, पण दांडा कोण ओढणार? डावा हात मांडीवर पडलेला. लेक म्हणाली, "आई, तू बस शेजारी." मी म्हटलं, मी? सवतीचा हात धरू? पण बसले. आणि सांगते, मला वाटलं होतं तेवढं ते अवघड नाही गेलं. मी तयार कपड्यांच्या कारखान्यात शिवणकाम केलेली बाई. आमच्या जुन्या मशिनींना क्लच मोटर होती. पाय अर्धा दाबला की सुई चालते, जरा जास्त पडला की सुई बोटातून. पुढे त्या मशिनी गेल्या, बटणांवर चालणाऱ्या आल्या, तेव्हा आम्हा बायकांना कोणी विचारलं नाही. पण अर्ध्या पायाची भाषा मला येते. यांच्या बुटाकडे बघून मला कळायचं, आता सुटतोय, आता पकडतोय. पाय तळाला गेला की मी दांडा ओढायचे, खट्ट. दोन माणसांची मिळून एक गाडी, पण गिअर पडत होता.

तरीही व्यायामवाली आली आणि "काका, पाय उचला" म्हणाली, की तेच. ढिम्म. यांच्या कपाळावर पुन्हा आठ्या, पुन्हा खिडकी. "इंजिनाच्या आवाजाशिवाय नाही होत गं," मला म्हणाले. "घरभर इंजिन घेऊन फिरू का?" मला हसायलाही आलं आणि रडायलाही.

पावसाळी ढग नाहीत, रस्ता कोरडा आहे, असं बघून एका सकाळी लेकीने पिवळीला घोड्यांवरून उतरवलं. आमची गल्ली पुढे बंद आहे. मधे एक चढ आहे, तो चढायचा आणि परत यायचं, बस. लेक गाडीच्या पुढे उलटी चालत होती, विमान उतरवतात तसे हात करत. पहिला गिअर झाला. गाडी चढाला लागली. आवाज चढला, यांचा पाय क्लचकडे गेला, मी दांडा ओढला आणि नेमकी घाई केली. पाय तळाला पोचायच्या आत ओढला. आतून असा करकराट आला, की जणू सवतीने मला शिवी दिली. यांचा पाय दचकून सुटला, गाडीने आचका दिला आणि बंद पडली.

"अगं बाई, आधीच कशाला ओढतेस!" हे ओरडले. "गिअरचे दात पाडशील! एवढे दिवस काय शिकवलं तुला?"

"तुम्हीच रखडलात! मला काय माहीत तुमचा पाय वाटेत चहाला थांबलाय!"

मागे एक सामानाचा टेम्पो येऊन उभा राहिला होता. त्याने हॉर्न दिला. चढावर आम्ही नाक वर करून उभे, यांचा उजवा पाय ब्रेकवर, दांडा दुसऱ्या गिअरमध्ये फसलेला. मी तो ओढला, हलेना. दोन्ही हातांनी ओढला, हलेना.

"तो नाही निघणार नुसता," हे म्हणाले. "चढावर वजन आलंय त्याच्यावर. क्लच दाबावा लागेल."

"मग दाबा!"

"इंजिन बंद आहे! आवाजाशिवाय जातो का तो? तुला माहीत नाही?"

"मला काय काय माहीत ठेवायचं? गाडी बंद, पाय बंद, मागे टेम्पो बोंबलतोय!"

"मग उतर आणि ढकल!"

"मी ढकलू? गुडघे माझे गेलेत! आयुष्यभर ढकललंच आहे तुम्हाला!"

लेक धावत दाराशी आली होती. "थांबा, मी हाताने दाबते क्लच," म्हणत वाकली. टेम्पोवाल्याने लांबलचक हॉर्न दिला. माझ्या नाकाचा शेंडा लाल झाला. मी यांच्याकडे वळले आणि सगळी गल्ली ऐकेल अशी किंचाळले, "अहो, दाबा म्हणते ना!"

माझ्या हातातला दांडा एकदम सैल झाला. मी जीव खाऊन ओढतच होते, तो सटकन निसटून मधोमध आला.

मी खाली बघितलं. क्लच तळाला होता. त्याच्यावर यांचा डावा बूट. इंजिन गप्प, आवाज काय तो टेम्पोच्या हॉर्नचाच. वाकलेली लेक तशीच वाकून राहिली, तिचा हात पेडलपासून वीतभर लांब होता.

हे त्या पायाकडे बघत होते. लेक पहिल्यांदा हातात दिल्यावर यांनी तिच्याकडे बघितलं होतं, तसं. हळूच म्हणाले, "सोड म्हण."

"सोडा," मी म्हटलं.

बूट थरथरला. वर आला.

"आता दाब म्हण."

"दाबा," मी म्हटलं. पाय खाली गेला. मागे टेम्पोवाला हॉर्न वाजवतच होता, आणि हे मला म्हणाले, "अजून एकदा सांग."